निळी चिंधी आणि चकोत्रीचं घरटं

आमच्या घरामागच्या डोंगरावर, करवंदीच्या जाळ्यांखाली, चकोत्री अंडी घालते. चकोत्री म्हणजे तांबूस रंगाची, लांब शेपटीची रानकोंबडी. उडण्यापेक्षा पळणं तिला बरं वाटतं. गावात सगळे तिला नुसतं रानकोंबडी म्हणतात. चकोत्री हा शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळला.

शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टचे विषय ठरत होते. बाकीच्यांनी डास घेतले, बाजारातले मासे घेतले. मग माझी पाळी आली.

"सर, जमिनीवरची घरटी," मी म्हटलं. "त्यातली किती टिकतात, कोण मोडतं, ते बघायचं."

"कुठे बघणार?"

"आमच्याकडे. वडप्याच्या पुढे."

"तिथे गोडाऊन आहेत ना सगळी?"

"गोडाऊनच्या मागे डोंगर आहे, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण "डास घेतले असतेस तर बरं झालं असतं" एवढं म्हणाले. मी डास घेतले नाहीत.

घरात शिकलेलं कोणी नाही. बाबा शेलार गावात लूमवर कापड विणतात, आई गोडाऊनांतून उरलेल्या शेतात भात लावते. मी सकाळी डोंगर चढायला लागले की काकी अंगणातून ओरडायची, "चालली गो साहेबीण, कोंबडीची हजेरी घ्यायला!" एकदा तिने मला थांबवून विचारलंच. "अंडी खात न्हाय, विकत न्हाय, मंग शोधते कशाला?"

"बघायला."

"अंडं काय बघायचं? गोल हाय."

मी पुढे चालू लागले.

पहिल्या घरट्यातली अंडी कावळ्यांनी नेली. गोडाऊनच्या मागे ट्रकवाल्यांचं खरकटं पडतं, म्हणून तिथे कावळे आणि कुत्री पूर्वीपेक्षा जास्त आहेत. ते तिथून सरळ आमच्या उतारावर येतात. दुसऱ्यात फुटकी टरफलं इकडेतिकडे पडलेली सापडली. मुंगूस असेल किंवा कुत्रं; मला खात्रीने सांगता आलं नाही आणि मी तसंच लिहिलं. तिसरं घरटं मला सगळ्यांत आवडायचं. सागाच्या वाळक्या पानांत बसलेली कोंबडी पानांसारखीच दिसायची. दोनदा मी जवळून गेले आणि तरीही चुकले. म्हणून मी बाबांनी लूमवरून आणलेली निळी चिंधी, म्हणजे कापडाच्या कडेची कापून टाकलेली पट्टी, जाळीच्या फांदीला बांधली. तशा चिंध्यांचा गठ्ठाच आमच्या घरात पडलेला असतो. दोरी म्हणून, पुसायला, सगळ्याला तीच.

इथे राबाबद्दल सांगायला हवं. पावसाआधी ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तिथे वाळका पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. त्याने तण मरतं, रोपं जोरात येतात. हा पाला, आमच्याकडे पातेरा, बायका डोंगरावरून झाडून आणतात. ज्या जागेचा पातेरा आपण नेणार, तिथल्या झुडपाला खूण म्हणून चिंधी बांधायची. चिंधी दिसली की दुसरी बाई तिथे हात लावत नाही. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. घरटं सापडल्याच्या आनंदात ती मला आठवली नाही.

एका दुपारी मी कॉलेजातून परतले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. पाला ओढायचं दाताळं भिंतीला टेकवलेलं.

"तुझी निळी चिंधी बघितली," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीने माझ्यासाठी पातेरा राखला. म्हणून पहिला तोच ओढला."

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

"दोन फुटली गो. बाकीची परत पाल्याखाली ठेवली. ती येईल का?"

ती आली नाही. मी रोज लांबून बघत राहिले. मग एका सकाळी अंडीही नव्हती.

प्रोजेक्टचा अहवाल लिहिताना मी तिसऱ्या घरट्यापुढे लिहिलं: संशोधकाने बांधलेली खूण पातेरा राखल्याची समजून जागा झाडली गेली, झाडणारी संशोधकाची आई.

सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. ते वाईट माणूस नाहीत. माझी फी अडली तेव्हा ऑफिसात तेच बोलले होते.

"हे असं लिहितात का? 'स्थानिक लोकांच्या अज्ञानामुळे नाश' असं लिही. परीक्षकांना हेच अपेक्षित असतं. शेवटी जनजागृतीची शिफारस टाक."

"अज्ञान नव्हतं, सर."

"मग काय होतं?"

"आईला खूण बरोबर कळली. मीच चुकीची खूण बांधली."

"तुझे मार्क जातील. संशोधकच घरटं मोडतो म्हणतील."

"मोडलंच ना, सर."

"आणि आई कशाला मध्ये? घरची गोष्ट आहे ती."

सरांनी सही केली नाही तर अहवाल जमा होणार नव्हता आणि माझं वर्ष अडणार होतं. घरातलं पहिलं कोणी पदवीपर्यंत आलं होतं, ते एका ओळीवर थांबणार होतं. पण ती ओळ बदलली असती तर त्या कागदावर माझी आई अडाणी ठरली असती, आणि कावळे, कुत्री, खरकटं सगळं तिच्यामागे लपलं असतं. तिच्या आधी तिची आई, सासू, सगळ्याजणी त्याच उतारावर पातेरा झाडत आल्या. तरीही तिथे चकोत्री होतीच. खरकटं आत्ता आलं.

"सर, तो शब्द मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी कागद पुन्हा चाळले. मग सही केली. "परीक्षकांना तूच उत्तर दे. मी मध्ये पडणार नाही."

घरी मी आईला सगळं सांगितलं.

"माझं नाव लिवलंस?"

"नाव नाही. आई असं लिहिलंय."

"आणि सर काय लिवायला सांगत होते?"

"अज्ञान. म्हणजे लोकांना काही कळत नाही."

आई तांदूळ निवडायची थांबली. "मला कळत न्हाय?" मग एकदम हसली. "तू खोडू नको हां. विचारलं तर सांग, चिंधी आमच्या घरचीच होती."

परीक्षकांनी विचारलंच. अख्ख्या अहवालात त्यांचं बोट तिथेच थांबलं. "ही आई म्हणजे तुमचीच?"

"हो, सर. चिंधीही आमच्याच घरची."

"मग यातून निष्कर्ष काय काढला?"

"घरट्याला खूण बांधायची नाही. बांधली तर गावाला विचारून बांधायची."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचं पान उलटलं. मार्क बेताचेच आले. पास झाले.

चौथ्या घरट्याबद्दल त्यांनी विचारलंच नाही. ते मला उशिरा सापडलं होतं, वर, बांबूच्या बेटात. तिथे मी काही बांधलं नाही, फक्त आईला नेऊन दाखवलं. त्या बेटाखालचा पातेरा तिने तसाच ठेवला आणि तिथे हात लावायचा नाही, असं काकीलाही दटावलं. काकी आठवडाभर कुरकुरत होती. पिल्लं निघून गेल्यावर टरफलं मिळाली. झाकण काढावं तशी टोकं गोल उघडलेली. आतून फुटलेलं अंडं असंच असतं.

त्यातलं एक मी काकीच्या तळहातावर ठेवलं. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"रिकामं हाय," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तेच बघायचं होतं."