सैदापेटचे बांगडे

कुडाळला गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे. दुसरीत मालवणी मसाला, कोकमाची सोलं, बांगड्याच्या कालवणाला लागणारी डबाभर तिरफळं आणि जाड कागदात गुंडाळून दोऱ्याने आवळलेले सुके बांगडे. मंगळूरला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला उतरले. ते तांबडं स्टेशन आणि त्याचा घड्याळाचा मनोरा मान वर करून बघत होते, तेवढ्यात महेश आला. माझा मुलगा, दोन वर्षांनी भेटत होता. वाकून पाया पडला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, सुकं काही आणलं नाहीस ना?"

आणलं होतं. त्याने ते पुडकं पिशवीतून काढलं आणि रिक्षावाल्याला देऊन टाकलं. रिक्षावाल्याने वास घेतला, "करुवाडु" (सुकी मासळी) म्हणाला आणि खूश होऊन सीटखाली सरकवलं. सगळ्या वाटेवर तो एकटाच आनंदात होता. माझा राग तिथूनच सुरू झाला.

सून बँकेच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेली होती, म्हणून सात वर्षांच्या नातीला, इराला, सांभाळायला मला दहा दिवस बोलावलं होतं. घर वेस्ट मांबलमला. शांत गल्ली, दारोदारी रांगोळी, कोपऱ्यावर पितळेच्या पेल्यातून मिळणारी कॉफी. कॉफीला नावं ठेवणार नाही. रोज ती प्यायला मी स्वतः कोपऱ्यावर जात होते. पण जेवायला रोज सांबार, रसम आणि कुठलीतरी शेंग.

"मासे कुठे मिळतात रे इथे?" पहिल्याच दिवशी विचारलं.

"इथे चालत नाही, आई. मालकीणबाई खाली राहतात."

म्हणजे भाडं आपण द्यायचं आणि आपल्या चुलीवर काय शिजावं ते दुसऱ्याने ठरवायचं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असला नियम कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. मालकीणबाईंवर मी न बघताच दात धरला.

त्या संध्याकाळी त्याच वर आल्या. सगळे त्यांना मामी म्हणतात. लहानपण माटुंग्यात गेलेलं, त्यामुळे मराठी मोडकं पण बिनधास्त. हातात मोगऱ्याच्या कळ्यांचं ताट. "तुम्ही बांधून द्या," म्हणाल्या, "तुमचा हाताला सवय असणार." मला गजरा कधी धड बांधता आला नाही. बोटं दुखतात असं सांगून ताट परत केलं. माझ्याच हाताला फुलांची सवय का असावी, हे काही कळलं नाही.

शनिवारी महेशला शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जावं लागलं. इराला सुट्टी होती. मी कापडी पिशवी घेतली, आत प्लास्टिकची घातली आणि इराला म्हटलं, चल. तिचं तमिळ तिच्या मराठीपेक्षा चांगलं, दुभाषी आयतीच मिळाली. फाटकात मामी उभ्या.

"कुठे?"

"देवळात," मी म्हटलं.

"मग मला प्रसाद आणा," मामी म्हणाल्या.

दुसऱ्यांच्या खोटेपणावर पुढे इतकं तोंड टाकणार आहे, म्हणून हे आधीच कबूल करून ठेवते.

मांबलमहून सैदापेट एकच स्टेशन. बाजार नाकानेच सापडला. पाच दिवसांनी मला माणसांत आल्यासारखं वाटलं. ओल्या फरशीवर ओळीने बायका बसलेल्या, पुढ्यात वंजरम (सुरमई), वव्वाल (पापलेट), कोळंबीचे ढीग. एका कडेला नुसतं कापून देणाऱ्या बायका, पायाखाली विळी धरून. इथे एकीकडून मासा घ्यायचा आणि दुसरीकडून कापून घ्यायचा अशी पद्धत. मला बांगडे हवे होते. इथे त्यांना कानांगेळुत्ती म्हणतात. एवढं लांबलचक नाव त्या बिचाऱ्याला आमच्याकडे कुणी दिलं नसतं.

एका जाड, कुंकू लावलेल्या बाईपुढे बसले. वरचे चार बांगडे बाजूला सारले, खालचा एक उचलला, कल्ला वर करून बघितला. लालभडक. पोट दाबलं, बोट रुतलं नाही. दुसऱ्याचे डोळे धुरकट होते, तो तिच्यासमोरच परत टाकला. असे आठ निवडले. ती बघत होती. मग इराला काहीतरी म्हणाली.

"आजी, ती विचारते, कापायला देऊ का? डोकी टाकतील म्हणाली."

"डोकी टाकायला मी काय वेडी आहे? सांग तिला, अख्खे दे. मी घरी साफ करते."

बाई हसली. पुन्हा काही बोलली.

"ती म्हणते, असं बघायला कोणी शिकवलं?"

"सांग, माझी आई मासे विकायची. मालवणच्या बाजारात."

इरा सांगेना. माझ्याकडेच बघत राहिली. "पण आजी, पणजी तर देवळात फुलं विकायची ना? पप्पांनी मामींना सांगितलंय. मला पण तसंच सांगायचं असतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. मोगऱ्याचं ताट आठवलं. घरात मासे शिजवू नकोस म्हणणारी मालकीण एक वेळ समजू शकते, ती परकी. पण ज्या बाईने पहाटे किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यापाशी जाऊन, ओली पाटी डोक्यावर घेऊन, मानेला आयुष्यभराची कळ लावून घेऊन माझ्या वह्या-पुस्तकं आणली, तिच्या डोक्यावरची पाटी तिच्या नातवाने परस्पर उतरवून टाकली होती. वर तिच्या हातात फुलांची परडी दिली होती.

"सांग," मी इराला म्हटलं. "मी बोलले तेच सांग."

तिने सांगितलं. त्या बाईने मला नीट बघितलं. "मीनकारम्मा पोण्णा?" (मासेवालीची लेक का?) म्हणाली आणि न विचारता आणखी दोन बांगडे पिशवीत टाकले. चेन्नईत माझ्या आईचा मान पहिल्यांदा झाला तो असा.

परत आलो तर मामी फाटकातच. हात पुढे केला. "प्रसाद?"

पिशवीतून पाण्याचे थेंब पडत होते. देऊळ बंद होतं, एवढं म्हटलं की सुटले असते. महेशचं घर राहिलं असतं.

"मामी, मी देवळात गेले नव्हते," मी म्हटलं. "सैदापेटला गेले होते. यात मासे आहेत. माझी आई फुलं नाही, मासे विकायची. मुलगा तुमच्याशी खोटं बोलला, आणि सकाळी मीही."

मामींनी हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "मासे खातो सांगितला असता तर घर दिला नसता. ते खरा आहे. पण मी दर शुक्रवारी देवीला फूल घालताना तुमचा आईचा पण आठवण काढते. आईचा खोटा कशाला सांगितला?"

माझाही तोच प्रश्न होता. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. सरळ बोलल्या म्हणून त्यांच्यावरचा राग थोडा उतरला, पण थोडाच. घर दिलं नसतंच ना?

वर येऊन मोरीत कागद पसरला. घरात मासळीची विळी नाही, भाजीची सुरी नि कात्री. शेपटीकडून डोक्याकडे खरवडून खवले काढले, पर कापले, कल्ले उपटले, पोट चिरून आतलं सगळं काढलं. इरा गुडघ्यांवर बसून बघत होती. तिने मासा असा अख्खा कधी पाहिलाच नव्हता. मग मीठ चोळून तीन पाण्यांत धुतले, डोकी ठेवून तुकडे केले आणि मसाला, हळद, सोलं, ठेचलेली तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं गॅसवर ठेवलं. खिडक्या उघड्याच ठेवल्या.

महेश संध्याकाळी आला तो जिन्यातच मामींकडून सगळं कळून. "तू पाच दिवसांनी जाशील, आई. मी कुठे जाऊ? इथे नाव विचारायच्या आधी काय खाता ते विचारतात. किती घरं बघितली तुला माहीत नाही."

"खात नाही म्हणाला असतास. आजीला कशाला मध्ये आणलंस?"

"नुसत्या 'नाही'वर विश्वास बसत नव्हता त्यांचा. आणि आजीला आता काय फरक पडतो? ती तर गेली."

मी शाळेत कधी कुणावर हात उगारला नाही. त्या क्षणी उगारावासा वाटला. मग इतकी वर्षं शाळेचं मराठी बोलून घासलेली माझी जीभ आपोआप घरच्या बोलीवर आली. "माझ्या आवशीन माशाची पाटी डोक्यार घेवन माका शिकवल्यान. मी शिकलंय म्हणान तू शिकलंस. तिका फरक पडना नाय, माका पडता."

मी पान वाढलं. बऱ्याच वेळाने बसला. लहानपणी बांगड्याच्या डोक्यासाठी भावाशी भांडायचा. तेच उचललं आणि माझ्याकडे न बघता चोखून खाल्लं. मला त्याची दया आली, पण रागही गेला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी निघायच्या दिवशी मामी दारात आल्या नाहीत. महेशला त्यांनी दोन महिन्यांत घर सोडायला सांगितलं होतं. सेंट्रलवर त्याने पिशव्या चढवल्या, पाया पडला. परतीच्या गाडीत मला एकच टोचत होतं. आईचं नाव परत मिळवलं, पण त्याची किंमत इराच्या डोक्यावरच्या छपराने दिली. खरं बोलल्याचा आनंदबिनंद होत नाही. पाठीला आणि मनाला दोन्हींना कळ लागून मी कुडाळला उतरले.

तीन आठवड्यांनी महेशचा फोन आला. सैदापेटच्या बाजूला एक घर बघायला गेला होता. मालकाने रीतसर तोच प्रश्न विचारला.

"मग काय सांगितलंस?"

"मासे खातो म्हटलं. आणि आजी मासे विकायची तेही सांगितलं."

"घर?"

"नाही दिलं."

मला त्या न पाहिलेल्या मालकाचा असा राग आला की फोन घट्ट धरून ठेवावा लागला.

"उद्या आणखी एक बघायचंय," महेश म्हणाला. "आणि आई, तिरफळं संपत आलीत. थोडी पाठव."