माझी टेस्ट परशुकाकांनी दिली होती

भूत, करणी, उतारा... असल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. शिरगावात आमच्या आळीत कोणाच्या अंगात आलं की बाकीचे हात जोडून उभे राहायचे आणि मी तेवढ्यात चहा पिऊन यायचो. सून तुमचं हे सदर वाचते आणि माझ्या मागे लागते, "बाबा, ते खिंडीतलं लिहा ना एकदा!" इतकी वर्षं टाळलं. लिहायला बसलो तर आत्ताही तळपायाला घाम आलाय, खोटं नाही सांगत.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमची घरची मच्छीमारी, पण मला बोट लागायची. वडील चारचौघांत म्हणायचे, "नाखव्याचा पोर आन् होडीत ओकतो!" मग मी बोईसर गाठलं. तारापूरच्या कारखान्यांना ट्रक कमी पडत आणि ट्रकांना ड्रायव्हर. मी कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन महिने ट्रक फिरवला होता. सपाट जमीन, समोर कोणी नाही. एवढ्यावर मी स्वतःला ड्रायव्हर समजायला लागलो.

हेवीचं लायसन काढून देणारा एक एजंट होता. तो म्हणाला, "टेस्टची कशाला काळजी करतोस? तुझी टेस्ट परशुकाका देईल."

हे परशुकाका उमरोळीचे. पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. आमच्यासारख्या कच्च्या पोरांच्या नावावर ते टेस्ट द्यायचे. फॉर्मवरचा फोटो असा धुरकट, की त्यात कोणीही खपून जावा. टेस्टला जाताना मी केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांची एक लकब होती. गिअर टाकण्याआधी गिअरच्या गोळ्यावर तळहाताने दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "चल गं बाई." मला हसू आलं होतं. मैदानावर माझं नाव पुकारलं आणि काका उठले. मी झाडाखाली शेंगदाणे खात बसलो... आणि पास झालो!

पुढच्याच महिन्यात पिंपांनी भरलेला ट्रक घेऊन भिवंडीला निघालो. चिल्हारकडचा रस्ता उखडलेला, म्हणून पालघरवरून मनोरला जायचं ठरलं. क्लीनर तापाने पडला होता, मी एकटाच. भर दुपार, लख्ख ऊन. वाघोबाच्या खिंडीत देवळापाशी सगळे ड्रायव्हर थांबून हात जोडतात. मी थांबलो नाही.

खिंड चढलो आणि उतार लागल्यावर सगळे करायचे तेच केलं... डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी न्यूट्रलला टाकली. मला तर ते शहाणपण वाटायचं. वारा छान लागत होता. पहिल्या वळणापर्यंत मी गाणं गुणगुणत होतो.

दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडी नुसती कुरकुरली. परत दाबला. जळका वास आला. तिसऱ्यांदा पाय दाबला आणि पेडल थेट खाली गेलं! मी गिअर टाकायला गेलो तर नुसतं खर्रर्र... दात दाताला लागेनात. मागची पिंपं एकमेकांवर आपटत होती. आणि खाली, रस्त्याच्या मधोमध, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या सात-आठ बाया रांगेने येत होत्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. त्यांना जायला जागाच नव्हती. मी हॉर्न दाबून धरला आणि ओरडायला लागलो. आईला हाका मारत होतो, लाज कसली सांगायला.

तेव्हा माझा डावा पाय खाली गेला.

मी नेला नाही. नीट ऐका, मी तो नेला नाही. पायाने क्लच दाबला, सोडला. उजव्या पायाने खच्चून रेस दिली. डाव्याने पुन्हा क्लच दाबला. माझा हात गिअरच्या गोळ्यावर आला, दोन थापा मारल्या, आणि माझ्या तोंडातून आवाज आला... घोगरा, बिड्या ओढलेल्या माणसाचा. "चल गं बाई."

गिअर लोण्यात चमचा जावा तसा पडला. इंजिन किंचाळलं, गाडी दबली. परत तेच, आणखी खालचा गिअर. याला डबल क्लच म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला तो शब्दसुद्धा माहीत नव्हता! गाडीचं नाक डोंगराला घासत घासत बायांच्या अलीकडे थांबलं. त्यांनी मोळ्या टाकल्या आणि मला अशा शिव्या घातल्या की काय सांगू. मी ऐकत होतो आणि माझ्या पायांकडे बघत होतो. ते माझे वाटत नव्हते. मला त्यांची भीती वाटत होती.

ब्रेक दुरुस्त करून माल पोहोचवला आणि दुसऱ्या दिवशी परतताना उमरोळीला काकांच्या घरी गेलो. टेस्टनंतर भेट नव्हती. बघतो तर काका खाटेवर. टेस्टनंतर थोड्याच दिवसांत डावा पाय अचानक गेला होता, नुसता ओंडका. मी तोंड उघडण्याआधीच काकीने गाऱ्हाणं सुरू केलं, "बघ रं बाबा, काल दुपारी जेवताना याच मेलेल्या पायानं ताट उडवलं यांनी! डॉक्टर सांगतो पाय हलणार नाय, आन् हा खाली दाबतोय, सोडतोय... घामानं भिजले. आन् खाटेच्या खुरावर थापा काय मारतात!"

काकी आत गेल्यावर काकांनी विचारलं, "खिंडीत न्यूट्रल मारलीस ना, दामू?"

मी नुसती मान हलवली.

"ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं. कोणी शिकवलं नाय तुला?"

"काका, तुम्ही... तिथं..."

"टेस्ट मी दिली नं? मग बोलावणं मलाच येणार. रातीला येतं, जेवताना येतं. आधी मला पण वाटलं, डोकं फिरलं आपलं."

"किती जणांची टेस्ट दिलीत काका?"

"कोण मोजतंय."

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "आणि एकाच वेळी दोघांनी बोलावलं तर?"

काकांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर सरळ ठेवला.

"बोलावलं एकदा," ते म्हणाले. "एकाकडंच जाता आलं. तवापासून हा पाय असा हाय."

मी ट्रक मालकाच्या दारात उभा केला आणि चावी देऊन टाकली. पुढचे चार महिने दर रविवारी उमरोळीला जायचो. काका खाटेवरून शिकवायचे, मी स्टुलावर बसून पाय मारायचो, काकी हसायची. मग जुनं लायसन फाडलं आणि रीतसर नवा फॉर्म भरला. या वेळी नाव पुकारल्यावर मीच उठलो. पास झाल्याचं सांगायला गेलो तेव्हा काका लहान मुलासारखे रडले. माझा हात धरून म्हणाले, "एक कमी झाला रं... एक कमी झाला."

दोन वर्षांनी काका वारले. शेवटच्या रात्रीही पाय हलत होता, असं काकीने सांगितलं.

डॉक्टरांना विचारलं, शिकलेल्या लोकांना विचारलं. कोणी म्हणतं घाबरल्यावर शरीर आपोआप करतं. पण जे कधी शिकलोच नव्हतो, ते आपोआप कसं करणार?

आजही खिंडीत मागून भरलेला ट्रक येताना दिसला की मी गाडी बाजूला घेतो आणि त्याला पुढे जाऊ देतो. सून हसते. हसू दे. त्या ड्रायव्हरची टेस्ट कोणी दिली, मला माहीत नाही... आणि परशुकाका आता येणार नाहीत.