मेडिकलला फिट दिसणारा माझा मामा

माझा मामा पक्का खोटारडा होता. काल सकाळी गेला.

खोटं एकाच बाबतीत बोलायचा. "दुखतंय का?" विचारलं की "नै" म्हणायचा.

मामा आर्मीत ड्रायव्हर होता. सुट्टीवर हैदराबादेत मलकपेठला आला की आम्हा भाचरांची चंगळ असायची. काळी ट्रंक उघडायचा, त्यात कॅन्टीनचा साबण, काजू अन् आमच्यासाठी चॉकलेटं.

पहाटे आम्हाला उठवून रेसकोर्सकडे न्यायचा, घोडे फिरवून आणताना बघायला. रस्त्यात पाय ओढत चाललं की मागून हळूच "लेफ्ट-राइट" सुरू. इतकं हसायचो की शेजारच्या खिडक्या उघडायच्या.

मग एका वर्षी डोंगरात त्याचा ट्रक घसरला. कमरेला मार बसला, डाव्या पायातली ताकद गेली.

तरी नोकरी पूर्ण करून आला. पुढे हिमायतनगरच्या एका शोरूमवर गार्ड म्हणून लागला. तिथं दिवसभर उभं राहायचं. एक दिवस उभ्या उभ्या खाली बसला आणि उठताच येईना. ती नोकरी सुटली.

पेन्शन होती, पण भाडं आणि औषधं यातच संपायची. मामी साड्यांना फॉल लावायला लागली. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी सुईत दोरा ओवायला आम्हाला हाक मारायची नाही.

म्हणून मीच मागे लागले. "मामा, डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज कर. हक्काची आहे तुझ्या."

त्याने केला. मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं.

आणि त्या दिवशी आमच्या वीराने काय करावं?

दाढी घोटून केली. शर्ट कडक आयर्न. बुटांना असं पॉलिश की तोंड दिसावं. काठी गेटवरच्या शिपायाकडे ठेवली आणि आत जाऊन सावधानमध्ये उभा.

डॉक्टर म्हणाले, "कैसे हो?"

"ठीक हूं, साब."

"झुक के दिखाओ."

हा वाकला. पार बुटांना हात लावून उभा राहिला.

बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने चिंब. बाकावर बसला तो कितीतरी वेळ उठलाच नाही. डॉक्टरांनी जे पाहिलं तेच लिहिलं. अर्ज नामंजूर.

मामीचा पारा चढला. "कायकू वाकले तुम्ही? अन् घरी तुमच्या पायात मोजे मीच घालायचे का?"

"साहेब झुको बोलले ना."

मी खूप बोलले त्याला. शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तुला नै समजायचं ग पोरी. दुखतंय म्हणलं तर गाडीवरून उतरवतेत. सारी नोकरी मेडिकलला फिट दिसायचं शिकलो. आता एकदम अनफिट कसा दिसू?"



अपील केलं. पुन्हा तारीख मिळाली. या वेळी मी माझ्या तारनाक्याच्या घरी रिहर्सल ठेवली. मी डॉक्टर होऊन खुर्चीत बसले.

"कैसे हो?"

"ठीक हूं, मॅडम."

"मामा!"

"बरं बरं. थोडा दुखता है… लेकिन चल जाता है."

मामी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. तोही हसला. शेवटी मी चहा करायला उठले तर म्हणतो, "पास झालो का मॅडम?"

ती संध्याकाळ आज सारखी आठवतेय.

दुसऱ्या वेळी बोर्डात एक लेडी डॉक्टर होत्या, कर्नल. शर्ट काढायला मदत लागेल म्हणून त्यांनी मामीलाही आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं, मी बाहेरच्या बाकावर.

मामा परत सावधान.

त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "बैठिए. ये ऑर्डर है. कहां कहां दर्द है, पूरा रिपोर्ट कीजिए."

ऑर्डर म्हटल्यावर विषयच संपला.

मामा बसला आणि रिपोर्ट द्यायला लागला. पायात जान नाही. जिना चढता येत नाही. मोजे बायको घालते. सगळं एका सुरात, जणू गाडीत काय काय बिघडलंय ते सांगतोय.

मग आवाज जरा खाली आला.

"रात को नींद नहीं आती, मॅडम. उठके बैठता हूं. इसको मालूम नहीं."

मामी मराठीतच म्हणाली, "मालूम आहे हो. मी जागीच असते."

 मी बाहेर तोंडाला ओढणी लावून रडत होते.

पेन्शन मंजूर झाली. मामीने फॉलची कामं बंद केली, डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पण मला खरं आठवतं ते त्या दिवशीचं घरी येणं. ऑटोतून उतरताना मामाने अख्ख्या गल्लीसमोर मामीच्या खांद्यावर हात ठेवला. मामी बुटकी, तिचा खांदा बरोबर त्याच्या हाताखाली यायचा. तेव्हापासून दोघं असेच फिरायचे. भाजीला, देवळात, लग्नाला. काठी कोपऱ्यात पडून राहिली.

काल न्यायची वेळ झाली तेव्हा मामी पुढे आली. म्हणाली, "खांदा मी देणार."

एक नातेवाईक म्हणाले, "वहिनी, बायका नै देत."

मामीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि तिरडीखाली शिरली.

तिच्या बाजूने तिरडी खाली गेली. मग बाकीच्या तिघांनी गुडघे वाकवले, तिच्या उंचीला आले, आणि तसेच हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले.

नमस्कार, मामा. सांभाळून जा.