ज्वारीच्या दुकानातलं कृष्णविवर

माझे चुलते वीरभद्रप्पा सोलापुरात ज्वारीचे व्यापारी. त्यांच्याइतकी किळस मला दुसऱ्या कुणाची आली नाही. एकुलत्या लेकीनं, गंगम्मानं, तेलुगू विणकराच्या घरात लग्न केलं आणि त्यांनी तिचं नाव टाकलं. ती तान्हं बाळ घेऊन दुकानात आली, तर पाठ फिरवून बसले. ती गेल्यावर पायरी धुऊन घेतली!

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. एकदा त्यांना कृष्णविवर समजावलं होतं. त्याची ओढ एवढी, की आत गेलेला उजेडसुद्धा परत येत नाही. झालं! लेकीसाठी कुणी रदबदली केली, की हे मिशीला पीळ देत सांगायचे, "मी कृष्णविवर हाय. गेलं ते गेलं." माझ्या विषयाची ही विटंबना मला सहन व्हायची नाही.

चौऱ्याहत्तर साली नवं संशोधन वाचलं आणि तडक त्यांचं घर गाठलं.

"काका, कृष्णविवरातूनही थोडी ऊब बाहेर झिरपते, असं आता गणित सांगतंय."

"थू!" काका तंबाखू थुंकले. "मग कसलं विवर त्ये? शब्दाला जागत न्हाय."

शांतम्माकाकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या. लेकीबद्दल त्यांनी आजवर ब्रही काढला नव्हता. त्यांनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि चपला घातल्या.

"कुटं निघालीस?" काका गुरकावले.

"लेकीकडं. विवरातनं बी ऊब येती म्हनं. तुमच्याजवळ बसून मी गारठले."