म्हाताऱ्याच्या आधीचं मध्यंतर

लाहीकाकूंना सिनेमा ऐकू येई, दिसत नसे. त्यांचा पॉपकॉर्नचा काउंटर हॉलच्या जाड दाराबाहेर होता. दारातून हुंदके, गोळ्या, प्रेमाच्या आणाभाका गाळून गाळून यायच्या. वरच्या मशीनच्या खोलीत त्यांचे यजमान ऑपरेटर. ते सिनेमा दाखवत आणि काकू लाह्या विकत. संसार एकाच पडद्यावर चाललेला.

थिएटरचे मालक म्हणत, "तिकिटाचा पैसा म्हणजे पाहुणा हो. पहिल्या आठवड्यात आला की बराचसा वितरकाच्या घरी जातो. पुढच्या आठवड्यांत आपला वाटा वाढतो, पण तोवर सिनेमा टिकायला हवा ना! टिकेपर्यंत आपण काकूंच्या लाह्यांवर."

एवढं कौतुक करूनही मालक हल्ली डळमळले होते. एक कंपनी काउंटर मागत होती. चकचकीत काचा, टोप्या घातलेली मुलं, भाडं आगाऊ. "या सिनेमाला काउंटर चालला तर तुम्हीच," मालक नजर चुकवत म्हणाले, "नाहीतर मग… बघू."

पंचाईत अशी, की सिनेमा काकूंनीच निवडला होता. मालकांपुढे दोन होते. एक मोठ्या नटाचा, मारामारीचा. दुसरा एका म्हाताऱ्या बापाचा. मालकांनी काकूंना दोन्ही दाखवले. म्हाताऱ्याच्या वेळी काकूंचा पदर ओलाचिंब झाला. "डोळे झाकून हाच घ्या," त्या म्हणाल्या. "माणूस रडला की चार जणांना सांगतो."

हॉल भरला. माणसं रडलीही. मध्यंतराचे दिवे लागले आणि कुणी जागचं हलेना. ऐन मध्यंतराला पडद्यावरच्या बापाने डोळे मिटले होते! सुतकात लाह्या कोण खाणार? दोघं-तिघं बाहेर आले, ते पाणी मागायला. एक बाई नाक पुसत फोनवर बहिणीला सांगत होती, "तू नको गं येऊस. इथे माणूस गेलाय."

चार जणांना सांगतात हे खरंच होतं. काय सांगतात, याचा काकूंनी विचार केला नव्हता.

शो सुटल्यावर त्या चहा घेऊन जिना चढल्या.

"अहो, तुमच्या म्हाताऱ्याला जरा उशिरा मारता येईल का?"

"मी मारतो होय? लिहिणाऱ्याने मारलाय."

"मग मध्यंतर अलीकडे घ्या. मरायच्या आधी सगळं घर जेवायला बसतं ना? पोरगा वाढतो, बाप म्हणतो, 'अजून वाढ'. तिथे लावा दिवे."

"अगं, दिग्दर्शकाने विचार करून ठेवलंय ते."

"केला असेल. पण बाहेर त्याच्या बायकोचा काउंटर आहे का?"

ऑपरेटर चहा फुंकत राहिले. कप रिकामा झाला तेव्हा म्हणाले, "बरं."

पुढच्या शोला बाप 'अजून वाढ' म्हणाला आणि लख्ख उजेड पडला. पडद्यावरचं भरलं ताट डोळ्यांत घेऊन माणसं बाहेर आली, ती थेट काउंटरवर. मशीनमध्ये दाणे उड्या मारत होते, काकूंचे हात त्यांच्याही पुढे. "निघ लगेच, अगदी घरच्यासारखा आहे," कुणीतरी फोनवर सांगत होतं. उत्तरार्धात सगळे रडले, पण लाह्या धरून. "खारट लागल्या तर मीठ तुमचं," काकू आधीच बजावून ठेवत.

आठवडा सरता सरता वितरकाचा माणूस येऊन धडकला. "मध्यंतर कुणी हलवलं?"

मालकांनी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं.

"आधी बसून बघा भाऊ," काकू म्हणाल्या. "मग ओरडा. मी इथेच आहे."

तो तणतणत आत गेला. 'अजून वाढ' झालं, दिवे लागले, गर्दी बाहेर आली. गर्दीत तोही होता, खिशात हात घालून.

"मोठा पुडा द्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग मालकांकडे वळून, "दुसरा आठवडा ठेवा. पण मी काही पाहिलं नाही हं."

तो गेल्यावर मालक काउंटरशी घुटमळले. कंपनीची माहितीपत्रकं, गुळगुळीत, रंगीत, त्यांनी काकूंपुढे सरकवली.

"याचे पुडे होतील का हो?"

काकूंनी एक कागद चिमटीत धरून चाचपला.

"तेल धरणार नाही फारसं," त्या म्हणाल्या. "पण होतील."