शटडाऊनमध्ये न सांगितलेलं नाव

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे लिहिता येतं एवढंच. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते आहे.

आमचे हे फिटर आहेत. आधी वालचंदनगरला एका वर्कशॉपमध्ये होते. नंतर आमच्या लासुर्णे गावातल्या तिघांबरोबर अणुवीज केंद्राच्या कामाला जायला लागले. ते केंद्र लांब, समुद्राच्या बाजूला. तिथं दोन युनिटं आहेत. एकदा सुरू झालं की युनिट महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालतं. मग दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्याला शटडाऊन म्हणतात. पंपाची पॅकिंग बदलायची, व्हॉल्व्ह खोलून साफ करायचे, अशी कामं त्या दिवसांत उरकून घेतात आणि त्यासाठी बाहेरची माणसं लागतात. म्हणजे तिकडं युनिट चालू असलं की हे घरी, आणि बंद पडलं की हे तिकडं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझं पंचांग तेच आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची, गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांची सगळी हयात भवानीनगरला साखर कारखान्यात बॉयलरवर गेली. त्यामुळं मुलाचं काम त्यांना चटकन समजलं. ते म्हणायचे, "आमचा कारखाना चार-पाच महिनं पळतो आन्‌ बाकीचं दिवस रिपेरीत. ह्यांचं उलटं हाय." ह्यांचा सुपरवायझर दर महिन्याला कामगारांच्या ग्रुपवर एक कागद पाठवायचा, आमच्या घरचा मोबाइलही त्यात होता. कोणतं युनिट किती दिवस चाललं, कधी बंद झालं, वीज किती टक्के निघाली, ते त्यात इंग्रजीत असायचं. शाळेतून आली की लेक तो मामांना वाचून दाखवायची.

"उतारा काय पडला?" मामा विचारायचे.

"आबा, विजेला उतारा नसतो. टक्के असतात."

"मग? उसातनं साखर किती निघाली, त्यो उतारा बी टक्क्यातच असतो की. शिकवती मला."

माझी ते फार थट्टा करायचे. मी कुणाशी बोलत नाही, दारात माणूस आलं की आत जाते. मामा पाहुण्यांना सांगायचे, "सून घरात हाय का न्हाय ते आमाला भांड्यावरनं कळतं. भांडं वाजलं की हाय." मला राग यायचा नाही. त्या घरात माझ्याशी रोज धड बोलणारं तेच एक माणूस होतं.

गेल्या वर्षी हे दोन नंबरच्या शटडाऊनला गेले तेव्हा मामा हिंडत-फिरत होते. पंधरा दिवसांनी त्यांना धाप लागायला लागली. बारामतीला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, घरीच जपा. ह्यांचा फोन आला तेव्हा मी सांगणार होते, पण मामांनी हातानंच नको म्हटलं. "काम अर्ध्यात टाकून येईल. मधनं भाईर पडला तर पास जमा करावा लागतो, मग परत घेत न्हाईत लवकर." ते खरं होतं. आत काम करणाऱ्यांच्या छातीला एक बिल्ला असतो, अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून मोजतात. सोडताना मशीनमध्ये उभं करून पुन्हा तपासतात. तिथून माणूस असं उठून निघत नाही.

त्यानंतर ह्यांचा मोबाइल पडून फुटला. दुसऱ्याच्या मोबाइलवरून सांगितलं, "आता मी आठवड्यानं फोन करीन. तवर काय लागलं तर सुपरवायझरला लाव. नंबर पोरीकडनं लिहून घे." लेकीनं तो दाराच्या मागं खडूनं लिहिला.

तीनच दिवसांत मामांचे पाय सुजले. आडवं झोपता येईना, भिंतीला उशी लावून बसायचे. सकाळी मला म्हणाले, "पोरी, आता फोन कर त्याला. बघावा वाटतोय."

लेक शाळेत होती. मी नंबर लावला. मामा समोरच होते, माझ्याकडं बघत. तिकडून मशिनीचा आवाज आणि मोठ्यानं, "हॅलो, कोण?"

"लासुर्ण्यावरनं," मी म्हणाले.

"लासुर्ण्याची चौघं हायत माझ्याकडं. कुणाच्या घरनं?"

मी आडनाव सांगितलं.

"त्या आडनावाचं तिघं हायत, ताई. नाव सांगा, नाव. लवकर."

मी ह्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. रेशनच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात कागद पुढं करते. हल्लीच्या सुना घेतात, माझी लेकही घेईल. मला येत नाही. आणि समोर मामा बसलेले. मी नुसती उभी राहिले. तिकडून दोनदा "हॅलो, हॅलो" झालं. मी फोन ठेवला.

मामांना नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणाले, "व्हय. सांगितलं."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं, ते मी पाहिलं. मनात ठरवलं, लेक आली की तिच्याकडून फोन करवायचा. संध्याकाळी लेक आली आणि नेमका त्याच वेळी मोबाइलवर महिन्याचा कागद आला. ती वाचायला लागली, "युनिट दोन सुरू झालं."

मला एकदम सुटल्यासारखं झालं. युनिट सुरू झालं म्हणजे माणसं मोकळी. दर वेळी तसंच व्हायचं, सुरू झालं की दोन दिवसांत हे दारात. मी मामांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "मामा, दोन नंबर सुरू झालंय. निघालं असत्याल."

लेक म्हणाली, "आई, खाली अजून एक ओळ हाय. वाचू?"

"राहू दे," मी म्हणाले. "भाकरी खाऊन घे."

"पप्पांना फोन लावू का सायबांच्या नंबरवर?"

"कशाला? निघालं असत्याल."

खालच्या ओळीत होतं की एक नंबर आता बंद केलंय. सगळी माणसं तिकडंच ठेवून घेतली होती. ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी शेजारच्या तात्यांना बोलावून दाढी करवून घेतली. तात्या म्हणाले, "आबा, नवरदेव झालास की. कुणाला बघायला चाललाय?" मामा म्हणाले, "ल्योक येतोय. आजारी दिसाया नगो." धाप लागत होती तरी हसले. दिवसभर दाराकडं तोंड करून बसले. फाट्यावर एसटी थांबली की मला विचारायचे, "आला का?" मी म्हणायची, "पुढच्या गाडीनं असत्याल." तात्यांनाही त्यांनी सांगितलं, "सुनंनं फोन केलाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी, उशीला टेकलेले असतानाच ते गेले. मी पाणी घेऊन आले होते.

तात्यांनी सगळीकडं फोन केले, सुपरवायझरलाही. त्यांनी नाव सांगितलं आणि निरोप लगेच आत गेला. पण हे तिथून तपासून बाहेर पडून येईपर्यंत माती थांबवता आली नाही. मामांच्या पुतण्यानं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघायच्या वेळेला हे पोचले. खांद्यावरची पिशवीही काढली नाही, तसेच स्मशानात गेले.

तेराव्यापर्यंत ह्यांनी काही विचारलं नाही. तात्यांनी मात्र सगळ्यांना सांगितलं होतं की सुनेनं दोन दिवस आधी फोन केला होता, त्या सुपरवायझरनं निरोप दाबला. तेरावा उरकल्यावर ह्यांनी अंगणातूनच त्याला स्पीकरवर फोन लावला. सगळं घर ऐकत होतं. हे तोंडाला येईल ते बोलले. "तुला बाप न्हाय का? युनिट महत्त्वाचं, माणूस न्हाय?" तो पोरांची शपथ घेत होता. शेवटी तो म्हणाला आणि मला ते आत चुलीपाशी ऐकू आलं, "आवो, एका बाईचा फोन आला व्हता लासुर्ण्यावरनं. नाव इचारलं तर सांगंना. ठेवून दिला. मी चौघांना इचारायला पायजे व्हतं, ते इसरलो. पण तिनं नाव न्हाय सांगितलं."

ह्यांनी त्याला "बरं" म्हटलं आणि फोन बंद केला. आत आले. मला वाटलं मारतील. त्यांनी कधी मारलेलं नाही, पण तेव्हा वाटलं.

"तूच व्हतीस?"

"व्हय."

"आन्‌ आबांना सांगितलंस, फोन केला म्हणून?"

"व्हय."

"नाव घ्यायचं व्हतं फकस्त. एक नाव. बाप मरत व्हता माझा."

ते म्हणाले, "आता घे. घे नाव." मी घेतलं. पहिल्यांदा नीट उमटलं नाही, म्हणून परत घेतलं. हे पाटावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी जवळ गेले नाही. जायला हवं होतं की नको, ते आजही कळत नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "शेवटी काय म्हणत व्हते?" मी सगळं सांगितलं. दाढीचं, एसटीचं. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. लग्नापासून मी ह्यांच्याशी एका वेळी इतकं बोलले नव्हते. मग त्यांनी सुपरवायझरला फोन लावून माफी मागितली. "चूक आमच्या घरची हाय," म्हणाले. माझं नाव काढलं नाही.

आता एक नंबर परत बंद आहे आणि हे तिकडं गेलेत. नवा मोबाइल घेतलाय, रोज फोन येतो. "सगळं बरं हाय नव्हं?" विचारतात. मी व्हय म्हणते. महिन्याचा कागद आला की लेकीला शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावते, ती कंटाळते. ऐकणारी मी एकटीच असते.