सिमेंटच्या कांड्या आणि बाबांची तराई

मे महिन्यातली सकाळ. नागपुरात हुडकेश्वरला आमच्या घराच्या वरच्या मजल्याचं बांधकाम सुरू होतं. मी चहाचा कप घेऊन जिना चढून वर गेले, तर तिथे माझ्या पीएचडीच्या एका अख्ख्या प्रकरणाची आंघोळ चालली होती...

आधी थोडं मागचं सांगते. तेलाच्या विहिरीत लोखंडी पाइप सोडतात आणि पाइप व खडक यांच्यातली पोकळी सिमेंटने भरतात. ते सिमेंट घट्ट होताना केसभर जरी आकसलं, तरी त्या फटीतून गॅस वर यायला वाट मिळते. त्यामुळे ते आकसू नये, जमलंच तर किंचित फुगावं, एवढीच सगळ्यांची इच्छा असते.

नागपुरात तेलाची विहीर नाही, पण कोळशाची राख हवी तेवढी आहे. या राखेपासून विहिरींसाठी वेगळं सिमेंट करायचं, हे माझं काम. ते मजबूत होतं, तापमान सोसतं, फक्त आकसतं... म्हणून त्यात मॅग्नेशिया नावाची फुगणारी पूड घालून मी बघत होते.

नेमकं तेव्हाच लॅबमध्ये वायरिंगचं काम निघालं. माझ्या गाइड सरांनी कुरकुरत परवानगी दिली आणि मी माझे नमुने, म्हणजे सिमेंटच्या वीतभर लांब कांड्या, घरी आणल्या. काही पूड घातलेल्या, काही तुलनेसाठी साध्या.

सगळ्या फॉइल आणि प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळलेल्या होत्या. बाहेरून पाण्याचा थेंब न मिळता त्या फुगतात की आकसतात, तेच तर बघायचं होतं. जिन्याच्या खोलीत सावलीला ठेवल्या आणि कोणी हात लावू नका, असं घरात सांगितलं. निदान माझ्या मते तरी सांगितलं होतं.

रविवारी लांबी मोजली. पूड घातलेल्या कांड्या चक्क वाढल्या होत्या! पुन्हा मोजल्या, तरी तेच. मी आलेख काढून सरांना पाठवला आणि नवऱ्याला तर्री-पोहे आणायला पिटाळलं. हा आलेख टिकला असता, तर थिसिस याच वर्षी लिहून हातावेगळा झाला असता.

सरांचं उत्तर आलं. शाबासकी वगैरे नाही, एकच प्रश्न... साध्या कांड्या का आकसल्या नाहीत?

मी आलेख परत उघडला. आनंदाच्या भरात मी फक्त वरची रेघ बघितली होती. साध्या कांड्या आकसायलाच हव्या होत्या, आणि त्या होत्या तशाच्या तशा.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले. तिथे माझे सासरे होते. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांचं आयुष्य कळमन्याच्या बाजारात धान्याच्या अडतीत गेलं, आणि घराचं काम निघाल्यापासून नव्या स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची, म्हणजे तराईची, जबाबदारी त्यांनी कोणालाही न विचारता घेतली होती.

स्लॅब भिजवून झाला होता. आता ते जिन्याच्या खोलीत उकिडवे बसून एकेक कांडी प्लास्टिकमधून काढत होते, पाणी देत होते आणि चिकटपट्टी लावून परत होती तशी गुंडाळून ठेवत होते. अगदी जपून...

"काहून बाबा?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"सुकून राहिले होते न वं ते! ऊन किती आहे. स्लॅबले देतो रोज, तं म्हटलं त्याईलेबी देऊ."

मला रडू आलं. राग तर इतका आला, की हातातल्या चहाचं काय करावं कळेना. "माझं सगळं काम गेलं, बाबा," असं मी बोलून गेले. त्यांनी हातातली कांडी खाली ठेवली, पाइप गुंडाळला आणि खाली निघून गेले.

त्या संध्याकाळी स्लॅबला पाणी पडलं नाही. ऑफिसमधून आलेल्या नवऱ्याच्याही लक्षात आलं. शेवटी मीच पाइप घेऊन वर गेले. थोड्या वेळाने बाबा जिन्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कोपऱ्यात दे बेटा, तिकडं राहून गेलं."

आमचं एवढ्यावरच मिटलं.

कांड्या बाद झाल्या. मॅग्नेशियाला फुगायला पाणी लागतं, हे पुस्तकांत आधीपासूनच आहे. त्यामुळे बाबांच्या हातून शोधबिध काही लागला नाही. मी सरांना खरं ते सांगितलं. ते आधी हसले आणि मग म्हणाले, नव्याने करा, लॅबमध्ये.

नव्याने केल्या. साध्या आकसल्या. पूड घातलेल्याही आकसल्या, थोड्या कमी, पण आकसल्याच. थिसिस पुढच्या वर्षावर गेला.

नव्या कांड्या मोजल्या त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, झालं का मोठं? नाही म्हटलं, आकसलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"मंग थोडंसं पाणी मारून द्याचं होतं न बेटा. कोण पाहून राहिलं होतं?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "बाबा, तिथे खाली विहिरीत पाणी मारायला कोणी नसतं."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मी नको म्हणणार होते... पण खाल्ली.